नानांच्या क्रेनचं तोंड

नाना वेखंडेंनी पहिल्याच दिवशी मला जो पत्ता सांगितला, तो मला संध्याकाळपर्यंत सापडला नव्हता. पत्ता कुणाच्या घराचा नव्हता, एका खोक्याचा होता. आमची कंपनी पाण्याचे पंप बनवते. आटगावजवळ तिचं जुनं स्टोअर होतं, तिथे मी नोंदी ठेवायला नुकतीच लागले होते. पंपाचे सुटे भाग पॅलेटवर, म्हणजे लाकडी फळ्यांच्या चौकटींवर, रचून उंच लोखंडी रॅकमध्ये ठेवलेले असत आणि ते चढवायला-उतरवायला फोर्कलिफ्टचे ड्रायव्हर असत. नाना त्यांच्यातले सगळ्यांत जुने. मी त्यांना विचारलं, "नाना, सीलची खोकी कुठे आहेत?" फोर्कलिफ्टवरून न उतरता ते म्हणाले, "मुरबाडकडच्या रांगेत जा. डोळखांबकडून दुसरा कप्पा. नाय दिसला तर जरा तानसाकडं सरक."

मी शहापूरची. मुरबाड कुठे, तानसा कुठे हे मला रस्त्यावर उभं केलं तर सांगता येतं. पण पत्र्याच्या बंद शेडमध्ये, चारी बाजूंना सारखीच खोकी दिसत असताना, तानसा कुठल्या भिंतीपलीकडे आहे हे कसं ओळखायचं? मी दिवसभर हिंडले. संध्याकाळी नानांनीच खोकं आणून माझ्या टेबलावर ठेवलं आणि वर म्हणाले, "एवढं सरळ सांगून तुमा शिकलेल्या पोरींना कळत नाय, मंग कंपनी चालायची कशी?" मला भयंकर राग आला. तो त्यांना दिसला असावा, कारण दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलावर पळसाच्या पानात करवंदं होती. माणूस भांडतोय की लाड करतोय, हे मला त्या दिवशी कळलं नाही. पुढेही फारसं कळलं नाही.

मी त्यांना एकदा म्हटलं, "सरळ डावीकडे-उजवीकडे सांगा ना."

"डावीकडं? कुनाच्या?"

"कुणाच्याही."

"हां, मंग झालंच तर! माझ्या डावीकडं सांगू, का तुझ्या? तू माझ्यासमोर उभी हायस. माझं डावं तिकडं, तुझं इकडं. आन फोर्कलिफ्ट निम्मा टाइम रिवर्समधी असते. डावं-उजवं मानूस वळला की फिरतं गो बाय. मुरबाड फिरतं काय?"

घरी जाऊन आईला सांगितलं, तर ती म्हणाली, बरोबरच आहे की त्यांचं. मी आईवरही चिडले.

नानांची ही भाषा अख्ख्या स्टोअरला लागलेली होती. उत्तर प्रदेशातून आलेले हमालसुद्धा "मुरबाडवाले रैक में रख दिया" म्हणत. त्यांतल्या एकानंही मुरबाड पाहिलेलं नव्हतं. नानांना मात्र बाहेर रस्त्यावर कुणी पत्ता विचारला, तर त्यांची पंचाईत होई. परक्या माणसाला डोळखांब काय सांगणार? मग ते हातातलं काम टाकून त्याच्याबरोबर चालू लागत आणि त्याला थेट दारात सोडून परत येत. सुपरवायझर ओरडला की म्हणत, "मानूस चुकला असता ना."

दिसायला म्हणाल तर बुटके, काळेसावळे, हसले की डोळे पार बंद. गळ्यात टॉवेल. कंपनीची टोपी उलटी घालायची, झापड मानेवर. रांगेत शिरण्याआधी दोनदा हॉर्न वाजवायचा, आत कुणी नसलं तरी. बोलायचे मोठ्यानं आणि चुकले तरी मोठ्यानंच. आपलं चुकलं असं त्यांनी कधी कबूल केल्याचं मला आठवत नाही. रॅकला धक्का लागला, तर रॅक पुढे आलेला असायचा.

त्यांच्या दाढेची गोष्ट तर सगळ्या कंपनीला पाठ होती. शहापूरला दाताच्या डॉक्टरकडे गेले. डॉक्टरांनी विचारलं, कुठल्या बाजूची दुखते? हे म्हणाले, कसाऱ्याकडची. डॉक्टर बिचारे थांबले. मग त्यांना नीट दिसावं म्हणून त्यांनी खुर्ची दिव्याकडे फिरवली, तर नाना खुर्चीतून ओरडले, "आता मुरबाडकडची झाली!" शेवटी डॉक्टरांनी त्यांना बोट लावून दाखवायला लावलं. मी विचारलं, हे खरं का? तर म्हणाले, "खरं हाय. खुर्ची कशाला फिरवायची?"

तर अशा या माणसाचा संसार दोन तालुक्यांत होता. हे त्यांचेच शब्द. "आमचा संसार दोन तालुक्यांत हाय," असं ते सांगत, जसं कुणी आपली दोन शेतं असल्याचं सांगावं. नाना आटगावजवळच्या आपल्या घरी एकटे राहत. बायको, ताराकाकी, मुरबाड तालुक्यात, म्हसा गावाच्या अलीकडे, आपल्या माहेरी राहत. एकच मुलगी, ती लग्न होऊन दूर गेलेली. नाना दर गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी, एसटीनं बायकोकडे जात आणि शुक्रवारी परत येत. वर्षानुवर्षं.

स्टोअरमधल्या सगळ्यांनी याचा एकच अर्थ काढला होता: बायकोनं सोडलंय, फक्त नानांना ते मान्य नाही. मीही तोच काढला होता. पण सोडलेल्या बायकोकडे माणूस दर आठवड्याला नवीन खराटा, बोंबील आणि तिच्या बापासाठी मऊ पाव घेऊन कसा जाईल, हे मला जुळवता येत नव्हतं. आणि शुक्रवारी नाना असे खुशीत परत येत की त्या दिवशी रॅकला धक्का लागला, तर चुकून स्वतःची चूक कबूल करतील की काय असं वाटे. करत मात्र नसत.

एका हिवाळ्यात मी मैत्रिणींबरोबर म्हशाच्या जत्रेला गेले होते. बैलबाजाराच्या कडेला, घोंगड्यांच्या दुकानापाशी, नाना दिसले आणि त्यांच्याबरोबर एक उंच, सडसडीत बाई. दोघं कडाकडा भांडत होती. घोंगडी कुठल्या रंगाची घ्यायची यावरून. मला वाटलं, मुकाट्यानं निघून जावं. पण नानांनी मला पाहिलं आणि हाक मारली, "बाय, इकडं ये. ही माझी मानूस."

ताराकाकींनी मला नखशिखान्त न्याहाळलं आणि म्हणाल्या, "तुमीच का त्या, ज्यांना खोका घावला नवता?"

मग त्या मला जबरदस्तीनं घरी घेऊन गेल्या. तिथे कळलं सगळं, किंवा मला तेव्हा तसं वाटलं. ओसरीत त्यांचे वडील बसले होते. डोळे गेलेले. पण घर त्यांना हातांनी पाठ होतं. उंबरा कुठे, रांजण कुठे, चुलीचा कट्टा कुठे संपतो, सगळं चाचपडत जाऊन ते स्वतःचं पाणी स्वतः घेत. काकींना भाऊ नव्हता. एकदा वडिलांना आटगावला नेऊन पाहिलं होतं. तिथे म्हातारा भिंतींना धडकला, पडला, आणि लहान पोरासारखा रडला. तेव्हा काकी त्यांना परत घेऊन आल्या त्या इथेच राहिल्या. नानांची नोकरी तिकडे, पाळ्या कधी सकाळच्या, कधी दुपारच्या. आटगावहून इथे रोज येणं-जाणं जमणारं नव्हतं.

"लोकं म्हनतात मी टाकून आले ह्यांना," काकी भाकरी थापता थापता म्हणाल्या. "म्हनू दे. पन एक सांगते बाय, भांडान सगळं गुरवारीच उरकायला लागतं, त्यानं जीव दमतो."

नाना हसत होते, डोळे बंद करून.

पुढे कंपनीनं ठरवलं की नवा प्लांट मुरबाडच्या पुढे, म्हशाच्या रस्त्याला काढायचा. म्हणजे काकींच्या गावापासून सायकलनं जाता येईल इतकं जवळ. ही बातमी आली तेव्हा नाना फोर्कलिफ्ट बंद करून चक्क माझ्या टेबलासमोर येऊन बसले. टोपी काढली, परत घातली. मग म्हणाले, "तिनं ओसरीत माझ्या खाटेला जागा बी केली."

पण नव्या प्लांटमध्ये फोर्कलिफ्टला कामच नव्हतं. तिथलं स्टोअर आपोआप चालणारं होतं. दोन प्रचंड उंच रॅक समोरासमोर, मध्ये अरुंद बोळ, बोळात रूळ, आणि त्या रुळावर धावणारी, वर-खाली होणारी एक क्रेन. क्रेन पॅलेट घेऊन जाणार, तिचे फोर्क, म्हणजे लोखंडी हात, डाव्या किंवा उजव्या रॅकमध्ये बाहेर येणार, आणि माल ठेवून परत येणार. आत माणूस जायचाच नाही. कुठला माल कुठे ठेवायचा हे कॉम्प्युटर ठरवणार. जिथे रिकामं असेल तिथे. आज सील वरच्या मजल्यावर, तर उद्या तळाला.

हे ऐकून नाना म्हणाले, "म्हंजे सूनबाई आली म्हना की. घर तिनं लावायचं, आन आपन चमचा कुठं ठेवलास ते तिला इचारायचं." त्या दिवसापासून क्रेनचं नाव सूनबाई पडलं. मॅनेजरसुद्धा म्हणू लागले.

या सूनबाईला सांभाळायला दोन ऑपरेटर लागणार होते. ड्रायव्हर त्याहून बरेच जास्त. ज्यांना परीक्षा जमेल ते दोघं नव्या प्लांटला जाणार, बाकीचे आटगावच्या जुन्या स्टोअरमध्ये राहणार, कारण कंपनी तेही ठेवणार होती. कुणाची नोकरी जाणार नव्हती. बहुतेकांना तर मुरबाडला जायचंच नव्हतं. नानांचं मात्र सगळं त्यावर होतं. पास झाले तर बायकोच्या घरी रोज संध्याकाळी भाकरी, नापास झाले तर गुरुवार.

आम्हा स्टोअरच्या लोकांना नव्या प्लांटवर शिकवायला पुण्याहून एक तरुण सर आले. माणूस चांगला, हसतमुख, पुन्हा पुन्हा समजावणारा. ते म्हणाले, क्रेन एरवी आपली आपण चालते. पण कधी मध्येच अडकली, तर ऑपरेटरनं रिमोट घेऊन बोळाच्या टोकाला उभं राहायचं आणि तिला हातानं चालवून सोडवायचं. फोर्क डावीकडे काढायचा की उजवीकडे, हे बटण दाबून सांगायचं.

नानांनी हात वर केला. "सर, डावीकडं कुनाच्या?"

सगळे खो खो हसले. सरही हसले. "क्रेनच्या डावीकडे, नाना. आपण कुठेही उभे असलो तरी डावं म्हणजे क्रेनचं डावं."

"हिचं तोंड कुठं हाय?"

"जिकडून माल आत येतो ती तिची पुढची बाजू."

"पन दोनी बाजू सारक्याच हायत की. खांब त्योच, रंग त्योच. दरवाजेबी दोनी टोकांना सारकेच."

"लक्षात ठेवायचं, नाना," सर म्हणाले. त्यांच्या दृष्टीनं एवढीशी गोष्ट.

इतर ड्रायव्हरांना ती खरंच एवढीशी होती. बाळाराम नावाचा ड्रायव्हर दोन दिवसांत शिकला. नाना मात्र हट्टाला पेटले आणि तिथेच बिघडलं. ते येता-जाता पुटपुटू लागले: पुढं असलो तर उलट, मागं असलो तर सुलट. जेवताना चमचा या हातातून त्या हातात घेत आणि ओठ हलवत. परिणाम असा झाला की जे येत होतं तेही गेलं. जुन्या स्टोअरमध्ये कुणी त्यांना "तानसाकडं" म्हटलं की ते क्षणभर थबकायला लागले. एक दिवस हायवेच्या भलत्याच बाजूला उभे राहिले आणि घरी जायच्या ऐवजी कसाऱ्याच्या गाडीत बसून खर्डीपर्यंत गेले. मला म्हणाले, "बाय, डोस्क्यात कुनीतरी खुर्ची फिरवली." मला हसू आलं आणि लगेच वाईटही वाटलं. इतकी वर्षं ज्या माणसाच्या पत्त्यांनी मला छळलं, त्याला स्वतःलाच पत्ता लागत नव्हता.

आणि मग अचानक नाना शांत झाले. पुटपुटणं बंद. प्लांट चालू व्हायच्या आधी क्रेनची पूजा ठरली होती. नाना मॅनेजरांकडे गेले आणि म्हणाले, सूनबाईला पहिलं कुंकू मी लावतो. मॅनेजर खूश झाले. मी चक्रावले. हा माणूस देवळासमोरून जाताना चाल कमी न करणारा. म्हशाच्या जत्रेत गाभाऱ्यापर्यंत काकींनी दंड धरून ओढत नेलेला. याला एकदम एवढी भक्ती कुठून आली?

पूजेला सगळ्यांच्या घरच्यांना बोलावलं होतं. नानांनी आंघोळ करून, टोपी चक्क सरळ घालून, माल जिकडून आत येतो त्या बाजूला क्रेनच्या खांबावर तेलात कालवलेल्या कुंकवाचा हा एवढा टिळा लावला. नुसता लावला नाही, अंगठ्यानं दाबून दाबून पक्का केला. फोटो निघाले. भटजी, मॅनेजर, मोठे साहेब, सगळे त्या टोकाला दाटीवाटीनं उभे.

बायकांना काही दिसेना. मग कुणीतरी मागच्या टोकाचं दार उघडलं आणि मी पेढ्यांचं ताट घेऊन त्यांना तिकडून बोळात, क्रेनपाशी नेलं. ताराकाकी सगळ्यांत पुढे. ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसल्या होत्या. मान वर करून त्यांनी क्रेनचा शेंडा शोधायचा प्रयत्न केला आणि मला विचारलं, "हीच का ह्यांची सूनबाई?"

"हीच."

त्यांनी कनवटीची कुंकवाची डबी काढली, त्यातलं ओलं कुंकू बोटावर घेतलं आणि खांबाला टिळा लावला. मग हात जोडले आणि, माणसाशी बोलावं तसं, हळूच म्हणाल्या, "माझ्या मानसाला घरी धाड गो बाय."

माझे डोळे भरून आले. पेढ्यांचं ताट सांभाळत मी दुसरीकडे बघू लागले. किती छान झालं, असंच मला तेव्हा वाटलं.

परीक्षा त्याच आठवड्यात झाली, मध्ये सराव झालाच नाही. क्रेन मुद्दाम बोळात मध्येच थांबवली होती, फोर्कवर भरलेलं पॅलेट. तिच्या डाव्या बाजूचा कप्पा रिकामा, उजव्या बाजूचा भरलेला. पॅलेट रिकाम्या कप्प्यात ठेवून क्रेन बाहेर आणायची, बस्स; तिची ती बाजू डावी की उजवी, हे ज्यानं त्यानं बघून ओळखायचं. सरांनी एकेकाला शेडला बाहेरून वळसा घालून, या दारातून किंवा त्या दारातून आत नेलं. आम्ही जाळीपलीकडून बघत होतो. नानांना मागच्या दारानं नेलं. त्यांनी रिमोट हातात घेतला, क्रेनकडे पाहिलं, आणि मी सांगते, त्यांचा चेहरा अगदी निश्चिंत होता. त्यांनी बटण दाबलं.

पॅलेट उजवीकडे गेलं. भरलेल्या कप्प्याला लागलं, तिरकं झालं, लाल दिवा लागला आणि भोंगा वाजायला लागला. सरांनी धावत जाऊन मोठं लाल बटण दाबलं. ते पॅलेट सोडवायला उरलेला दिवस गेला. सर रागावले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "काय झालं, नाना? इतक्या खात्रीनं दाबलंत की." नाना क्रेनकडे बघत राहिले. त्यांना स्वतःलाही कळत नव्हतं.

मी त्यांना बाहेर पाण्याच्या टाकीपाशी गाठलं. टोपी पुन्हा उलटी झाली होती. "बाय, मी चुकलो कुठं?" ते म्हणाले. चुकलो हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकला. "मी डोस्कं लावायचंच नाय ठरवलं हुतं. कोनतं दार, पुढं का मागं, कायबी मनात आननार नाय. निस्तं कुंकू बघायचं. कुंकू दिसलं तर हिचं तोंड माझ्याकडं, म्हंजे उलट बटन. नाय दिसलं तर पाठ, म्हंजे सुलट. तोंड कळावं म्हनूनच तर कुंकू लावलं."

"नाना! मग खूण करायला टेप लावायची होती, नाहीतर बाण काढायचा."

"टेप लावला असता तर सगळे म्हनाले असते, नानाला येत नाय म्हनून टेप लावला. कुंकवाला कोन इचारतं? आन पुसतं तरी कोन?"

"मग आज कुंकू..."

"दिसलं ना! समोर दिसलं. म्हनून तर उलट दाबलं."

मला एकदम सगळं कळलं आणि तोंडातून निघून गेलं, "अहो, मागच्या दारानं ताराकाकींनी..."

मी थांबले. पण उशीर झाला होता.

"तिनं लावलं?" नानांनी विचारलं. मग टाकीवर हात टेकून, "काय म्हनाली?"

मी सांगितलं. माझ्या मानसाला घरी धाड. नाना ऐकून हसायला लागले आणि त्याच वेळी त्यांच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं. मी त्यांचं हसणं धरावं की रडणं, मला समजेना. मी म्हटलं, "मी आत्ता जाऊन सरांना सांगते. ते चांगले आहेत, पुन्हा परीक्षा घेतील."

"नाय."

"अहो, तुमची चूक नाहीच यात!"

"नाय सांगायचं. सरांना सांगशील, सर मॅनेजरला सांगतील, उद्या कंपनीभर हसू हुईल. मुरबाडची पोरं हायत इथं, परवा गावात जाईल. मंग तिला कळंल, तिच्या हातानं झालं. जलमभर सवताला लावून घेईल ती."

"पण इतकी वर्षं त्या एकट्या राहताहेत, नाना. त्यांना हे कळलेलं परवडेल, पण तुम्ही..."

"एकटं राहायची तिला सवं हाय. हे सोसायची नाय."

मी खूप भांडले. म्हटलं, हा कसला प्रेमाचा प्रकार, की तिला दुखू नये म्हणून तिच्यापासून लांब राहायचं? काकींना विचारलंत तर त्या काय निवडतील? नाना म्हणाले, "तुझं लगीन झालं की कळंल." मग त्यांनी माझ्याकडून माझ्या आईची शपथ घेववली. माझं लग्न झालं, त्यालाही आता वर्षं लोटली. मला अजून ते कळलेलं नाही. कधी वाटतं, नाना शुद्ध वेडे होते. कधी नवरा एखादी गोष्ट माझ्यापासून लपवतो, तेव्हा आधी संताप येतो आणि मग नाना आठवतात. मग नीट रागावताही येत नाही.

सरांना नानांनी सांगितलं, "नाय जमलं सर. वय झालं." जागा मिळाल्या त्यांतली एक बाळारामला. त्याचं घर आटगावच्या फाटकाजवळ, तो तेव्हापासून रोज मोटारसायकलनं मुरबाडला येई आणि रोज रस्त्याला शिव्या देई. मी नोंदींसाठी नव्या प्लांटला आले. पुढे सरांनी क्रेनच्या दोन्ही टोकांना पिवळे बाण चिकटवले, पुढची बाजू कुठली ते दाखवणारे. नाना आटगावच्या जुन्या शेडमध्ये फोर्कलिफ्टवर परत गेले. निवृत्तीला त्यांची अजून काही वर्षं होती. मला फोन करून म्हणाले, "इथं मुरबाड अजून जागच्या जागी हाय."

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते काकींच्याच घरी. माझ्या नवऱ्याची नाशिकला बदली झाली होती, मी कंपनी सोडत होते, म्हणून एका शुक्रवारी सकाळी निरोप घ्यायला गेले. नाना परत आटगावला जायच्या तयारीत. ओसरीत खाट होती, वापरात नसलेली, वर वालाच्या शेंगा वाळत घातलेल्या. काकींचे वडील, म्हातारे आबा, भिंत चाचपत येऊन माझ्या डोक्यावर हात ठेवून गेले.

काकींनी मला चहा दिला आणि नवऱ्याची तक्रार सुरू केली. "बगा ना, सगळ्यांना जमलं, ह्यांनाच नाय जमलं. एवढा मोठा गडी, एक बटन दाबायला चुकला. त्या बाळारामला जमतं आन ह्यांना जमत नाय? दर गुरवारी सुनावते मी ह्यांना. आन मी तर तिला येवढं मनापासून कुंकू लावलं व्हतं हो. तरी नाय." बोलता बोलता त्यांचा आवाज बारीक झाला. "माझंच काय कमी पडलं का, असं येतं मनात."

मी कपात बघत राहिले. आईची शपथ तेव्हा मला आईपेक्षा जड वाटली.

"कमी कशाला पडंल?" नाना पिशवीची गाठ मारत म्हणाले. आवाज नेहमीसारखाच मोठा. "तुझं कुंकू व्हतं म्हनून तर परीक्षेपत्तूर तरी पोचलो. सर मला पयल्याच दिवशी हाकलनार व्हते. इचार हिला."

काकींनी माझ्याकडे पाहिलं. नानांनीही पाहिलं.

"हो काकी," मी म्हटलं. "खरं आहे."

काकींचा चेहरा उजळला. "मंग!" त्या नवऱ्याला म्हणाल्या. "आन वर्सभर मला सांगितलं नाय व्हय हे?" लगेच उठून त्यांनी पिशवीची गाठ सोडली आणि आणखी दोन भाकऱ्या आत कोंबल्या. एसटीची वेळ झाली होती. नाना पिशवी खांद्याला मारून अंगण उतरले, आणि काकी दारात, कमरेवर हात ठेवून, मोठ्या तोऱ्यात त्यांच्या पाठीकडे बघत उभ्या राहिल्या.